हाताची घडी, तोंडावर बोट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने लिहिणं बंद होतं. आता नवा चष्मा आलाय, आणि लिहायला विषय घरातूनच मिळालाय.

माझी नात मनू यंदा बारावी सायन्सला आहे. दिवाळीत सगळे वाळूजला जमले होते. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा तिने जाहीर केलं, "आबा, मी पायलट होणार." क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग सूनबाई म्हणाली, "अहमदाबादचं ते विमान अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि हिचं हे काय भलतंच!" मुलाने खर्चाचा विषय काढला. हे शिक्षण अर्ध्या कोटीच्या घरात जातं म्हणे. आमची ही म्हणाली, "पोरीची जात..." आणि मनूचा चेहरा बघून वाक्य तिथेच गिळून टाकलं. शेवटी मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात. तुम्हीच जरा वाचून सांगा, ह्या लोकांना नक्की काय यावं लागतं आणि काय करावं लागतं."

आता मी पडलो मराठी माध्यमातला बी.ए. माणूस. चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. आयुष्यात विमानात तीनदा बसलो, तिन्ही वेळा डोळे मिटून. पण इतिहासाच्या मास्तराला कुठलाही विषय दिला की तो आधी मागे जातो. मीही गेलो. आणि फार लांब जावं लागलं नाही, आमच्याच विमानतळापाशी येऊन थांबलो.

तारीख २६ एप्रिल १९९३, वार सोमवार.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमचं वाळूज शहराच्या पश्चिमेला, पुणे रस्त्यावर. चिकलठाण्याचा विमानतळ पूर्वेला, जालना रस्त्यावर. मधे अख्खं औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर). तेव्हा वाळूजची एमआयडीसी जोरात वाढत होती, पण विमान ही गोष्ट आमच्यासाठी आकाशात बोट दाखवण्यापुरतीच. परीक्षांचे पेपर तपासायचे दिवस होते. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. संध्याकाळी कळलं की चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं विमान पडलं.

ते इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं उड्डाण होतं. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जाणारं बोइंग ७३७. विमानात कर्मचाऱ्यांसह ११८ माणसं होती. दुपारी एकच्या सुमारास ते धावपट्टीवर धावू लागलं. भरलेलं विमान आणि तापलेली हवा. ते जमिनीवरून सुटलं, पण अगदी धावपट्टी संपता संपता. आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे होता बीडचा रस्ता. त्या रस्त्यावरून त्याच घटकेला कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावीकडचं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला, रस्त्यापासून साधारण सात फूट उंचीवर. तसंच धडपडत ते पुढे गेलं, धावपट्टीपासून सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांना लागलं आणि खाली कोसळलं. ५५ माणसं गेली. ६३ वाचली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. एक जण म्हणाले, ट्रकवाल्याचीच चूक, विमान दिसत नाही का? दुसरे म्हणाले, ट्रकवाल्याने वर बघत गाडी चालवायची की काय, चूक पायलटची. मी पेपरावरची लाल रेघ थांबवून म्हणालो होतो, "रस्ताच तिथे कशाला ठेवायचा?" तिघांनाही आपलंच खरं वाटत होतं.

चौकशीत मात्र दोन कारणं नोंदवली गेली. पहिलं, वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याचं काम त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडून झालं नाही. ट्रकवाल्यावर ठपका नव्हता. तो बिचारा रस्त्याने चालला होता.

"नाक उचलायला उशीर" म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांनी आता कळलं. ते सांगतो, कारण वैमानिकाचं काम काय असतं ते त्यातून चांगलं समजतं.

प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक हिशेब मांडतात. विमानाचं वजन किती, हवा किती तापलेली, वारा कुठून, धावपट्टी किती लांब. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून जास्त लांब धावावं लागतं. म्हणजे मराठवाड्यातली एप्रिलची दुपार हीसुद्धा त्यांच्या गणितातला एक आकडा. या हिशेबातून तीन वेग निघतात. पहिल्या वेगाला ते 'व्ही-वन' म्हणतात. तोवर काही बिघडलं तर ब्रेक लावून थांबता येतं. तो वेग ओलांडला की थांबायची मुभा संपली, आता उडायचंच. दुसरा वेग आला की नाक वर उचलायचं. तिसरा वेग म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी सुरक्षित वर चढता येईल एवढा. पहिल्या आणि दुसऱ्या वेगात काही वेळा क्षणादोनक्षणांचंच अंतर असतं. तिथे दोनतीन सेकंद उशीर झाला, किंवा नाक हळूहळू उचललं, तर विमान शेकडो फूट जास्त धावतं.

आणि मला सगळ्यात विशेष वाटली ती गोष्ट पुढे आहे. दोघांपैकी एक जण विमान चालवत असतो, तेव्हा दुसऱ्याने हे वेग मोठ्याने पुकारायचे असतात. डोळे काट्यावर आणि तोंड उघडं. न पुकारणं ही चूक धरतात. माझ्या वर्गात याच्या बरोबर उलट नियम होता. तो तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. हाताची घडी, तोंडावर बोट.

सुरुवातीला हे असं नव्हतं. विमानात एकच माणूस असायचा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन 'पस मॉथ' नावाचं छोटंसं विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरवलं. एकटेच होते. चूक झाली तर स्वतःची, शाबासकी मिळाली तर तीही स्वतःची. त्या काळच्या वैमानिकाची कल्पना म्हणजे घोड्यावरचा शिलेदार. डोळे तीक्ष्ण, हात स्थिर, काळीज घट्ट. आपल्या मनात अजूनही पायलट म्हटलं की तेच चित्र येतं.

पुढे विमानं मोठी झाली. आमच्या मराठवाड्यापुरतं सांगायचं तर आम्ही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज निघाली. ती १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. या डेक्कन एअरवेजचं एक नाव मी मनूच्या आजीला मुद्दाम वाचून दाखवलं. प्रेम माथुर. १९४७ मध्ये त्यांनी व्यावसायिक परवाना मिळवला. बाई विमान चालवणार म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं म्हणून एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. शेवटी डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं, आणि व्यावसायिक विमान चालवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे १९८५ मध्ये आपल्या सौदामिनी देशमुख कलकत्त्याहून सिलचरला जाणाऱ्या फोकर विमानाच्या कॅप्टन होत्या आणि त्या विमानात वैमानिकांसह सगळ्या कर्मचारी महिला होत्या. हे ऐकल्यावर आमच्या हिने ओट्यावर गिळलेलं वाक्य पुन्हा काढलं नाही.

असो. आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. काय यावं लागतं?

व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ पूर्ण हवं. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पास व्हावी लागते. दृष्टी, रंगांची ओळख, कान, हृदय सगळं बघतात. चष्मा चालतो, पण चष्म्यासह नीट दिसलं पाहिजे. लेखी परीक्षा असतात: दिशा आणि मार्ग काढण्याचं शास्त्र, हवामान, विमानाचे तांत्रिक ज्ञान, हवाई नियम. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि किमान २०० तास उड्डाण, त्यात १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले. सगळी उभारणी गणित आणि भौतिकशास्त्रावर आहे, ते विषय मनूकडे आहेत. आपल्या महाराष्ट्रात धुळ्याला, गोंदियाला हे शिक्षण मिळतं.

पण एवढ्याने मोठं विमान हाती येत नाही. ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मग सहवैमानिक म्हणून उजवीकडच्या खुर्चीत बसायचं. वरचा परवाना मिळायला किमान १५०० तासांचं उड्डाण लागतं, आणि डावीकडच्या कॅप्टनच्या खुर्चीत जायला प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त अनुभव. शिवाय परीक्षा संपत नाहीत. ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या हुबेहूब नकलेत बसवून, इंजिन पेटलं, वीज गेली, असे प्रसंग आणतात आणि बघतात की हा काय करतो. आम्हा मास्तरांनी बी.एड. एकदा केलं की पुढे निवृत्तीपर्यंत कुणी विचारायला आलं नाही. दर सहा महिन्यांनी कुणी येऊन माझी पानिपताची लढाई तपासली असती तर मी कितव्या वर्षी नापास झालो असतो, कोण जाणे.

या यादीत मला दोन गोष्टी अशा सापडल्या, ज्या तासांत मोजता येत नाहीत. दोन्ही अपघातांतून, म्हणजे माणसं गेल्यावर यादीत आल्या.

पहिली भाषा. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरयाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं आणि कझाकस्तानचं अशी दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांत कुणीही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दिसलं की कझाक विमान नेमून दिलेली १५,००० फुटांची उंची सोडून खाली उतरलं होतं. त्यांच्या बाजूने रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा, विमान चालवणारे वेगळे, आणि इंग्रजीची जाण बेताची. जमिनीवरून सांगितलेला आकडा कॉकपिटमध्ये पोचेपर्यंत त्याचं काय झालं, याचीच ती गोष्ट आहे. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि २००८ पासून परदेशी उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला किमान चौथी पायरी बंधनकारक झाली.

इंग्रजी म्हटल्यावर मनू जरा बिचकली. दहावीपर्यंत ती सेमी-इंग्रजीत शिकली आहे. पण मी त्या पायऱ्या वाचल्या. तिथे शेक्सपिअर विचारत नाहीत. उच्चार दुसऱ्याला कळतो का, अनपेक्षित काही झालं तर साध्या शब्दांत सांगता येतं का, आणि न कळल्यास "पुन्हा सांगा" असं म्हणता येतं का, हे बघतात. शिवाय सांगितलेली सूचना परत म्हणून दाखवायची असते. आमच्याकडे किराणा दुकानदार यादी परत वाचून दाखवतो ना, "दोन किलो साखर, पाव किलो शेंगदाणे", तसंच. म्हणजे भाषा इथे मिरवायची नाही, खात्री करून घ्यायची आहे. मराठीच्या मास्तराला हे फार आवडलं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातलं तेनेरिफ नावाचं बेट. दाट धुकं. एका डच कंपनीचं जंबो विमान उड्डाणासाठी उभं आणि त्याच धावपट्टीवर एका अमेरिकन कंपनीचं दुसरं जंबो अजून चालत होतं. डच विमानाचे कॅप्टन त्या कंपनीचे सर्वांत नावाजलेले, इतर वैमानिकांना शिकवणारे. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असायचा. त्यांनी विमान दौडवलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. त्याने विचारलं, ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले की झालंय. तो गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानं आदळली. ५८३ माणसं. विमान वाहतुकीच्या इतिहासातला आजवरचा सर्वांत मोठा अपघात.

शंका बरोबर होती. ती तोंडापर्यंत आलीही होती. पण समोर गुरुजी होते.

या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये अमेरिकेत नासाने तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि १९८१ पासून विमान कंपन्यांत एक नवीन शिक्षण सुरू झालं. कॉकपिटमध्ये धाकट्याने कसं बोलायचं आणि थोरल्याने कसं ऐकायचं, याचं शिक्षण. आता तर नावंही बदलली आहेत. एक 'चालवणारा', दुसरा 'लक्ष ठेवणारा'. दोघंही आलटूनपालटून दोन्ही कामं करतात. धोका दिसला की लक्ष ठेवणाऱ्याने बोलायचं, ऐकलं नाही तर पुन्हा स्पष्ट बोलायचं, आणि तरीही ऐकलं नाही तर विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. हे कर्तव्य आहे, उद्धटपणा नव्हे.

एवढं शिकवूनही ते सोपं होत नाही. ७ ऑगस्ट २०२०. करोनाचे दिवस. दुबईहून अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोळिकोडला आलं. कॅप्टन दीपक साठे, आपले महाराष्ट्राचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतले, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, हवाई दलात लढाऊ विमानं चालवलेले, पुढे चाचणी वैमानिकाचंही काम केलेले. याहून मोठी पात्रता कुठून आणायची? पाऊस कोसळत होता, काचेवरचा वायपर बंद पडला, आणि पहिल्या खेपेला त्यांनी न उतरता विमान शहाणपणाने वर नेलं. दुसऱ्या खेपेला पाठीमागून वारा होता. विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं आणि टेकडीच्या टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली, दोन्ही वैमानिकांसह. २०२१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालात म्हटलंय की सहवैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्याचा पुकारा केला होता. तो पाळला गेला नाही, आणि सहवैमानिकाने विमान ताब्यातही घेतलं नाही. त्याच अहवालात हेही लिहिलंय की व्यवस्थेतल्या उणिवाही दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. सकाळी दुसरं विमान न्यायला त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, हेही त्यात आलं आहे.

मी हे दोष काढायला लिहीत नाही. त्या माणसाच्या पायाशी बसायचीही माझी लायकी नाही. पण चांगला माणूस, मोठा अनुभव, नेक हेतू, आणि तरी शेजारच्याचा पुकारा कानाआड होऊ शकतो. मग आपल्यासारख्यांचं काय?

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. माझ्या मुलांनासुद्धा ती माहीत नाही.

१९८७ च्या हिवाळ्यात शाळेची सहल दौलताबाद-वेरूळला गेली होती. एसटीची गाडी ठरवलेली, बावन्न मुलं आणि आम्ही तीन शिक्षक. प्रमुख मी. किल्ला बघून मुलं खाली उतरली. उशीर झाला होता, ड्रायव्हर कुरकुरत होता. गाडीत गोंधळ चाललेला. मी दाराशी उभा राहून नेहमीचा हुकूम सोडला, "हाताची घडी, तोंडावर बोट!" गाडी चिडीचूप. तेवढ्यात तिसऱ्या सीटवरच्या एका पोराने हात वर केला आणि तोंड उघडलं. मी डोळे वटारले, "बोट कुठंय?" त्याने बोट तोंडावर ठेवलं. मी मोजणी केली नाही. गाडी निघाली.

खुलताबादला खाऊ वाटताना एक पुडा उरला. तेव्हा कळलं की एक मुलगा किल्ल्यावरच राहिला. गाडी उलटी फिरवली. तो रस्ता फार तर अर्ध्या तासाचा असेल, पण मला त्यातला प्रत्येक दगड आठवतो. किल्ल्यात अंधारी आहे, खंदक आहे. देवाची कृपा, पोरगं दरवाजापाशी एका शेंगा विकणाऱ्या म्हातारीजवळ बसून शेंगा खात होतं.

आणि मग मी काय केलं? तिसऱ्या सीटवरच्या त्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ओरडलो, "तुला माहीत होतं ना? मग आधी का नाही सांगितलंस?"

तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या तोंडावर बोट मीच ठेवायला लावलं होतं, हे त्याला माहीत होतं, आणि मलाही.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. एमआयडीसीत नोकरी करतो. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. इतक्या वर्षांत मी तो विषय काढलेला नाही.

बीड रस्त्याबद्दल वाचताना मला हे राहून राहून आठवत होतं. तिथे रोज विमानं जात होती, रोज ट्रक जात होते. रेल्वेच्या फाटकावर माणूस असतो, झेंडा असतो. विमान येण्याच्या वेळेला रस्ता थांबवला पाहिजे, हे कुणालाच दिसलं नसेल असं मला वाटत नाही. कुणाच्या तरी तोंडापर्यंत ते आलं असेल. पुढे काय झालं, ते मी माझ्या अनुभवावरून ताडतो, त्याला पुरावा नाही. पुढे धावपट्टी लांबवली गेली, आज ती ९,३०० फुटांची आहे.

वैमानिकाच्या कर्तव्यात "नाही" म्हणणंही येतं. थकवा असेल तर नाही, प्रकृती ठीक नसेल तर नाही, हवा बिघडली तर नाही. उड्डाणाआधी दारूची तपासणी, आदल्या बारा तासांत थेंबही नाही. विश्रांतीचेही नियम आहेत. २०२५ मध्ये आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. त्याच वर्षी डिसेंबरात या नव्या नियमांप्रमाणे वैमानिक पुरेनात म्हणून देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. लोक विमानतळांवर ताटकळले, चिडले. त्या चिडण्यातही माझ्या मनात आलं, झोप न झालेल्या माणसाने मला उडवण्यापेक्षा जमिनीवर बसलेलं बरं.

तर मंडळी, माझा निकाल असा. मी सूनबाईला म्हणालो, भीती वाटणं बरोबर आहे, पण जे झालं त्यातून शिकून यादीत एकेक ओळ वाढवत जाणारा असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. मुलाला म्हणालो, आधी वैद्यकीय तपासणी करून घे, मगच फीचं बघ. नाहीतर पैसे भरल्यावर डोळ्यांत काही निघालं तर पंचाईत. आणि मनूला म्हणालो, तुला गणित येतं, इंग्रजी येईल. पण आपल्या घरात मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही असं तुला लहानपणापासून शिकवलंय, आणि ते शिकवणारा मी आहे. ते तुला विसरावं लागेल.

छापण्याआधी हा लेख मी तिला वाचायला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी एके ठिकाणी सहवैमानिकाला 'कॅप्टनचा मदतनीस' असं लिहिलं होतं. "आबा, ते चूक आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, अगं, वाचणाऱ्यांना सोपं जावं म्हणून लिहिलंय, राहू दे. क्षणभर ती थांबली. मग म्हणाली, "नाही आबा, ते काढा."

काढलं.

आता या रविवारी बाजारात जायचं आहे. तो भेटला तर त्याला चहाला बोलावीन म्हणतो.